नियमात बसणारी मच्छरदाणी

आमच्या बिल्डिंगमध्ये आईला तोंडावर सेक्रेटरीबाई म्हणत आणि पाठ वळली की कलमवाली बाई. मला दोन्ही नावं माहीत होती, कारण आमच्या जिन्यात आवाज घुमायचा आणि आमचं दार नेहमी उघडं असायचं. वाशीतली ती चार मजली सोसायटी तेव्हा नवीन होती. कोणी गिरगावातून आलेलं, कोणी रत्नागिरीहून, कोणी साताऱ्याकडचं. चाळीतली किंवा गावातली भांडणं कशी मिटवायची ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण सोसायटी नावाचं प्रकरण सगळ्यांनाच नवं होतं. आईने सोसायटीच्या नियमांचं, म्हणजे उपविधींचं, पातळ पुस्तक पहिल्याच महिन्यात वाचून काढलं आणि त्यानंतर तिला सेक्रेटरीच्या खुर्चीवरून कोणी हलवू शकलं नाही.

तिची एक पद्धत होती. कुठलाही नियम ती तीनदा वाचायची. एकदा ज्याने तो लिहिला त्याच्या बाजूने, म्हणजे त्या बिचाऱ्याला काय म्हणायचं असेल ते बघायला. एकदा ज्याला काहीतरी करायचंय त्याच्या बाजूने. आणि एकदा जो हरकत घेणार त्याच्या बाजूने. हे तिसरं वाचन ती सगळ्यात सावकाश करायची, चष्मा कपाळावर चढवून.

तळमजल्यावर रेल्वेतून रिटायर झालेले एक काका राहायचे. त्यांनी खिडकीला बाहेर आलेली ग्रिल बसवायला घेतली तेव्हा आईने पुस्तक उघडून काम थांबवलं. काकांनी आकाशपाताळ एक केलं. पुढच्या वर्षी कमिटीतल्या काहींना काकांच्या दारातल्या कुंड्या खुपायला लागल्या, तेव्हा आईने तेच पुस्तक उघडलं आणि कुंड्या हलवायला लावता येणार नाहीत असं बजावलं. काकांनी तिला पहिल्या गोष्टीबद्दल माफ केलं नाही आणि दुसऱ्या गोष्टीबद्दल तर त्याहून नाही. प्रत्येक सभेत ते पहिल्या रांगेत बसून तिच्या प्रत्येक वाक्याला हात वर करायचे. बाबा सभेच्या रविवारी न चुकता एपीएमसीत कांदे-बटाटे आणायला जायचे आणि सभा संपल्याचा अंदाज घेऊन परतायचे.

मला या सगळ्याचा राग यायचा. आईचा नाही, लोकांचा. नियम नीट वाचणाऱ्या माणसाला खुसपटं काढणारा म्हणायचं आणि न वाचता ठोकून देणाऱ्याला दिलदार म्हणायचं, हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. माझा स्वभाव मुळात तापट. त्यातून 'आईवर गेलीय' हे वाक्य मी लहानपणापासून ज्या सुरात ऐकत आले, तो सूर कौतुकाचा नव्हता.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमचं कॉलेज तुर्भ्याला, कारखान्यांच्या मधोमध एका भाड्याच्या इमारतीत. बाहेर दिवसभर ट्रक उभे, आणि वर्गात शिकवणाऱ्यांचा आवाज शेजारच्या कारखान्याचा भोंगा वाजला की बंद पडायचा. कॉलेज इतकं नवं होतं की आमच्या आधी एकच बॅच बाहेर पडली होती. इतर कॉलेजांची मुलं त्याला गोडाऊन म्हणायची. 'तू गोडाऊनची ना?' असं मला एकदा बसस्टॉपवर विचारलं गेलं होतं, आणि मी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या वर्षी नेरुळकडच्या एका मोठ्या कॉलेजच्या महोत्सवात रोबोंची स्पर्धा जाहीर झाली. तेव्हाचे रोबो म्हणजे आजच्यासारखे स्वतःचं स्वतः चालणारे नव्हेत. लांबलचक वायर, वायरीच्या टोकाला बटणांचा डबा, आणि डबा हातात धरून यंत्राच्या मागे पळणारा एक विद्यार्थी. आमच्या वर्गातली तीन मुलं भाग घेणार होती. एक सांगलीकडचा, तोच कॅप्टन. एक जवळच्याच गावठाणातला, ज्याच्या हातात लोखंडी पट्टी दिली की तिचं काहीतरी व्हायचंच. आणि एक वायरिंगवाला, जो बोलायचा कमी आणि सोल्डरिंगचा धूर फार करायचा. संघ चौघांचा हवा होता. चौथी म्हणून मला घेतलं ते रिपोर्ट लिहायला. कॅप्टनने तसं स्पष्ट सांगितलं. मी हो म्हटलं, कारण आत शिरायला ते दार पुरेसं होतं.

खेळ असा होता. एक मोठा लाकडी पाट, मधे फूटभर उंचीची फळी. फळीच्या दोन्ही बाजूंना सारखेच टेबल-टेनिसचे बॉल पसरलेले. आपल्या रोबोने आपल्या बाजूचे बॉल उचलून पलीकडे टाकायचे, समोरच्याने त्याच्या बाजूचे आपल्याकडे. तीन मिनिटांनी शिट्टी. ज्याच्या बाजूला कमी बॉल, तो जिंकला. नियम पानभरच होते. सुरुवातीला यंत्र दोन फुटी खोक्यात मावलं पाहिजे. यंत्राचा कुठलाही भाग मधल्या फळीच्या पलीकडे जाता कामा नये, हवेतसुद्धा. समोरच्या यंत्राला अडवायचं नाही. आणि सामन्याच्या दिवशी परीक्षकांशी फक्त कॅप्टनने बोलायचं.

आमचं यंत्र चालायला लागलं तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. टॅक्सीच्या वायपरची मोटर, स्कूटरची बॅटरी आणि एक पळी, जी बॉल उचलून भिरकावायची. पळीचं काम कॅप्टनचं. फार सुबक होतं, पण मंद. मुंबईतल्या एका जुन्या नावाजलेल्या कॉलेजचं यंत्र आमच्यातल्या एकाने पाहून ठेवलं होतं. त्यांच्याकडे फिरणारी दोन चाकं होती आणि बॉल त्यांतून सटासट सुटायचे. गावठाणातला मित्र पट्ट्यांच्या ढिगावर बसून म्हणाला, "आपला येक बॉल जाईपरत त्यांचे धा येतान. जिकनार कसं आपुन?"

त्या संध्याकाळी मी नियमांचं पान घरी नेलं आणि आईसारखं तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा दिसलं की लिहिणाऱ्यांच्या डोक्यात फक्त बॉल फेकणारी यंत्रं आहेत. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं की बॉल फेकावेच लागतात असं कुठेही म्हटलेलं नाही. आपल्या बाजूला कमी हवेत, एवढंच. मग ते आलेच नाहीत तर? दोन फुटांचं खोकं सुरुवातीला आहे. शिट्टी वाजल्यावर यंत्र किती मोठं व्हावं याबद्दल एक अक्षर नाही. खाटेवर मच्छरदाणी टांगलेली होती. आमच्या भागात खाडीमुळे डासांचा असा सुळसुळाट होता की मच्छरदाणी नाही असं घर सापडलं नसतं. मी तिच्याकडे बघत बसले आणि मग इतकी हसले की बाबा काय झालं म्हणून बघायला आले.

दुसऱ्या दिवशी मी तिघांना सांगितलं. यंत्र फळीलगतच्या कोपऱ्यात नेऊन उभं करायचं. त्याच्या पाठीतून बिल्डिंगच्या कोलॅप्सिबल गेटसारखी पट्ट्यांची जाळी उलगडत पार दुसऱ्या टोकापर्यंत जाईल, फळीच्या अलीकडे, आपल्याच हद्दीत. तिच्यावर मच्छरदाणीचं कापड. उंची वाढवायला आत सरकणाऱ्या नळ्या, रेडिओच्या एरियलसारख्या. त्यांचे बॉल सरळ, खालून येतात, ते कापडाला लागून त्यांच्याकडेच पडतील. जाळी उभी राहिली की ती तिथेच सोडून यंत्र मोकळं होईल, आणि आपण आपल्या मंद पळीने जाळीवरून सावकाश एकेक टाकत राहू. मग गावठाणातल्याने एक पट्टी उचलली, तिला मधे भोक कुठे पाडायचं ते बघायला लागला, आणि मला कळलं की हे होणार.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. स्पर्धेच्या आठवडाभर आधी सगळ्या संघांची सभा होती, नियमांबद्दलच्या शंका विचारायला. मी म्हटलं, तिथे विचारू या. कॅप्टन उखडला. "अगं, विचारलंस की संपलं. उद्या सगळ्यांच्या रोबोला मच्छरदाण्या लागल्या म्हणून समज." वायरिंगवाला त्याच्या बाजूने. मी घरी येऊन आईशी वाद घातला, खरं तर कॅप्टनचंच म्हणणं माझं म्हणून मांडलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "लपवून ठेवलंस तर त्या दिवशी तुला लबाड म्हणतील. आधी विचारलंस तर फार तर 'नाही' म्हणतील. 'नाही'वर काहीतरी करता येतं. एकदा लबाड म्हटलं की काही करता येत नाही." तिला हे कुठल्या अनुभवातून कळलं होतं, ते मला विचारायची गरज नव्हती.

शेवटी तोडगा निघाला. विचारायचं, पण मच्छरदाणीचं नाव काढायचं नाही. प्रश्न मी तयार करायचा आणि सभेत मीच विचारायचा. आणि कॅप्टनने तेव्हाच मला बजावून ठेवलं: यंत्र आता या जाळीवर उभं आहे, दुसरं काही करायला वेळ उरलेला नाही. बाद झालो तर चौघंही बाद, आणि ते तुझ्या वाचण्यामुळे. त्याचं बरोबर होतं. मला पुढचंही दिसत होतं. आमच्या जिन्यात ते कसं सांगितलं जाईल तेही ऐकू येत होतं: आईची खोड मुलीत उतरली आणि पोरांची मेहनत वाया घालवली.

सभेत तीस-चाळीस मुलं होती, आणि समोर टेबलाशी तीन परीक्षक. त्यांतले मुख्य म्हणजे एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक. मी हात वर केला. मी आजवर सभा पाहिल्या होत्या त्या फक्त सोसायटीच्या, गच्चीवरच्या. सभेत असंच बोलतात अशी माझी पक्की समजूत. मी उभी राहिले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "अध्यक्ष महोदय, माझ्या प्रश्नाची नोंद घेतली जावी."

सगळा हॉल फुटला. मागे कोणीतरी बाक बडवलं. 'गोडाऊनची आहे,' असंही ऐकू आलं. माझे कान गरम झाले, पण आता बसायचं कसं? मी प्रश्न पुरा केला. शिट्टी वाजल्यावर यंत्राने आपल्या अर्ध्या भागात उघडून कितीही जागा व्यापली तर चालेल का? प्राध्यापक हसू आवरत म्हणाले, आपल्या हद्दीत तुम्ही कितीही पसरा, ते तुमचं अंगण आहे. मी आभार मानून बसले. कॅप्टनने हाताने तोंड झाकलं होतं. प्रश्नात काय आहे हे मात्र एकाच्याही लक्षात आलं नाही, कारण सगळे माझ्या पहिल्या दोन शब्दांवरच अजून हसत होते.

स्पर्धेच्या दिवशी यंत्र आम्ही कांद्याच्या टेम्पोतून नेलं. गावठाणातल्या मित्राचा एक नातेवाईक मार्केटमध्ये गाडी चालवायचा. पोचलो तेव्हा गिअरमध्ये, कापडात, आमच्या केसांत, सगळीकडे कांद्याची सालं. स्पर्धा इमारतींच्या मधल्या चौकात, उघड्यावर होती. खाडीकडून वारा येत होता, आणि तेव्हा मला बरं वाटलं की आम्ही चादर न लावता मच्छरदाणी लावली. कापडातून वारा आरपार जात होता.

पहिल्या सामन्यात जाळी उलगडायला लागली तेव्हा बघणारे पुढे सरकले. करकर करत पट्ट्या पुढे सरकत गेल्या, दोऱ्याने नळ्या वर चढल्या, आणि फळीच्या अलीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी किनारीची मच्छरदाणी उभी राहिली. किनार काढायला आम्ही विसरलो होतो. समोरच्यांचा पहिला बॉल जाळीला लागला आणि त्यांच्याच पायाशी परत गेला. दुसराही. मग जे हसू उसळलं ते सभेतल्यासारखं नव्हतं. ते हसू आमच्या बाजूचं होतं. पुढचे दोन्ही सामने आम्ही तसेच जिंकलो. लोक इतर खेळ सोडून आमच्या पाटाभोवती जमायला लागले.

अंतिम सामना त्या मुंबईच्या कॉलेजशी होता, दोन चाकांच्या यंत्राशी. सामना सुरू व्हायच्या आधीच त्यांचा कॅप्टन परीक्षकांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. मुलगा हुशार होता, इंग्रजी फाडफाड. त्याने नियमावर बोट ठेवलं. समोरच्या यंत्राला अडवायचं नाही असं लिहिलंय आणि यांनी अख्खी भिंत बांधलीय. आम्ही यंत्र फेकायला बनवलं, यांनी खेळच बंद केला. ही चीटिंग आहे, असं तो म्हणाला. तो शब्द त्याने दोनदा उच्चारला.

प्राध्यापकांनी आमच्या कॅप्टनला बोलावलं. त्याच्या दंडावर कॅप्टनची लाल फीत होती. तो गेला आणि टेबलासमोर उभा राहिला, आणि मला दिसलं की त्याची बोलती बंद झालीय. यंत्राबद्दल तो दिवसभर बोलला असता. पण हे काम यंत्राचं नव्हतं. मी फीतवाली नव्हते, त्यामुळे मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. दहा पावलांवर उभी राहून मी नखं कुरतडत होते. उजवीकडचे परीक्षक मान हलवत होते, आणि ती मान आमच्या बाजूने हलत नव्हती.

तेव्हा कॅप्टनने जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग दंडावरची फीत सोडली, माझ्यापर्यंत चालत आला, आणि माझ्या दंडावर ती बांधली. गाठ घट्ट मारली. परीक्षकांकडे वळून तो म्हणाला, "सर, आमचा कॅप्टन बदललाय. बदलायचा नाही असं नियमात नाही."

हा तोच मुलगा, ज्याने मला रिपोर्ट लिहायला घेतलं होतं. आता रडत बसले असते तर फीत बांधून उपयोग काय? मी टेबलाशी गेले.

मी आईला आठवलं नाही, देवाला आठवलं नाही. मला फक्त तो नियम दिसत होता, आणि मी तो तिसऱ्यांदा, त्या समोरच्या मुलाच्या बाजूने आधीच वाचून ठेवला होता. मी म्हटलं की नियमात 'यंत्राला' अडवू नये असं आहे, आणि आम्ही यंत्राला अडवलेलं नाही. त्यांचं यंत्र त्यांच्या सगळ्या भागात मोकळं फिरू शकतं, पाहिजे तेवढे बॉल फेकू शकतं. आम्ही अडवतोय ते बॉल, आणि बॉल अडवू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही. आमच्या जाळीचा एक धागाही फळीच्या पलीकडे नाही, वाटल्यास दोरी धरून बघा. मग मी त्या मुलाकडे वळले. "आणि हे आम्ही चोरून केलेलं नाही. आपल्या भागात कितीही पसरलं तर चालेल का, हे मी सगळ्यांसमोर विचारलं होतं. तेव्हा तूही हॉलमध्ये होतास आणि हसत होतास."

प्राध्यापकांनी चष्मा काढला. माझ्याकडे जरा वेळ बघून त्यांनी विचारलं, 'अध्यक्ष महोदय' म्हणाली होतीस ती तूच ना? मी हो म्हटलं. ते म्हणाले की प्रश्न त्यांना चांगला आठवतो आणि उत्तर देणारेही तेच होते, त्यामुळे आता ते बदलता येणार नाही. पुढच्या वर्षी हा नियम नव्याने लिहावा लागेल. यंदा जाळी चालेल. त्या मुलाने खांदे उडवले, पण मग त्याने हात पुढे केला, हे मी मान्य केलं पाहिजे. मीही तो जोरात हलवला.

सामना मात्र सोपा गेला नाही. सकाळपासूनच्या धावपळीत एक नळी वाकली होती. जाळी उघडली ती एका टोकाला अर्धीच वर चढली. त्या मुलांनी खिंड लगेच हेरली आणि चाकांचं तोंड तिकडे वळवलं. बॉल यायला लागले. मला वाटलं, संपलं. पण कॅप्टनची ती मंद पळी, जिला आम्ही सगळ्यांनी नावं ठेवली होती, ती एकदाही चुकली नाही. उचल, भिरकाव. उचल, भिरकाव. वायरिंगवाला डबा धरून दातओठ खात बटणं दाबत होता, आणि गावठाणातला मित्र पाटाच्या कडेला उकिडवा बसून नळीला बोलत होता, चढ गो बाय, चढ. शिट्टी वाजल्यावर दोन्हीकडचे बॉल मोजले, मग त्यांच्या हरकतीवरून पुन्हा मोजले. आमच्याकडे दोन कमी होते.

मी जाळी सुचवली, पण आम्ही जिंकलो ते पळीमुळे, हे मी तिथेच सगळ्यांना ओरडून सांगितलं. कॅप्टन म्हणाला की गप्प बस, तू कॅप्टन आहेस, ढाल घ्यायला जा. ढाल प्लायवुडची होती आणि तिचा रंग हाताला लागत होता. ती घेताना निवेदकाने आमच्या कॉलेजचं नाव नीट, पूर्ण उच्चारलं. गोडाऊन कोणी म्हटलं नाही. आम्ही चौघांनी टेम्पोच्या मागे उभं राहून तुर्भ्यापर्यंत आरडाओरडा केला. तेवढा आनंद नंतर नोकरी लागल्यावरही झाला नाही.

घरी मी आईला सगळं सांगितलं. तिने मधे फक्त एकदाच थांबवलं, उत्तर आपणच दिलं होतं, असं प्राध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले का, हे विचारायला. म्हणाले, असं सांगितल्यावर तिने मान डोलावली आणि ताट वाढायला उठली. मला वाटलं, एवढंच? पण भात वाढताना तिने तूप दोनदा वाढलं आणि ते तिच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी सोसायटीची वार्षिक सभा होती, नेहमीप्रमाणे गच्चीवर. बाबा बाजारात न जाता सतरंजीच्या कडेला बसले होते, तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटायला हवं होतं. पाण्याची टाकी, गळती, थकलेला मेंटेनन्स, सगळं झालं. काकांनी नेहमीसारखे तीन-चार वेळा हात वर केले आणि आईने त्यांना नेहमीसारखं गप्प केलं. मग आयत्या वेळचे विषय आले, आणि काकांनी पुन्हा हात वर केला. गच्चीवर एक सुस्कारा उमटला.

काका उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले की या बिल्डिंगमधल्या मुलीने स्पर्धेत पहिला नंबर आणला, तोही नियम वाचून. तिच्या अभिनंदनाचा ठराव मांडायचा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघायला लागले. आई मात्र पेन खाली ठेवून उभी राहिली. तिने सांगितलं की विषय तिच्या मुलीचा आहे. ज्याचा संबंध असेल त्या सभासदाने त्या विषयापुरतं सभेत बसायचं नसतं. अध्यक्ष म्हणाले, अहो, बसा हो ताई, आपलीच सभा आहे. ती बसली नाही. इतिवृत्ताचं रजिस्टर तिने काकांच्या हातात दिलं, कारण ते सगळ्यांत पुढे होते, आणि गच्चीच्या दारातून बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिली.

काकांनी रजिस्टर मांडीवर घेऊन स्वतःच्या हाताने ठराव लिहिला. मग वाचून दाखवला. आम्हाला ऐकायला तो हळू वाचला असता तरी चाललं असतं. पण ते जिन्याच्या दाराकडे तोंड करून वाचत होते, मोठ्याने, शब्द सुटे करून. 'नियमांचे काळजीपूर्वक वाचन' हे शब्द आले तेव्हा ते त्यांनी पुन्हा एकदा वाचले. दाराच्या फटीतून मला आईचा पदर दिसत होता. तो तिने डोळ्यांना लावला होता.

ठराव मंजूर झाल्यावर अध्यक्षांनी तिला हाक मारली. ती आली, रजिस्टर हातात घेतलं, काकांचं अक्षर जवळ धरून वाचलं. सगळे बघत होते. तिचं नाक लाल झालं होतं, पण कपाळावरची नेहमीची आठी तशीच होती.

"अनुमोदकाचं नाव राहिलंय," ती म्हणाली.

काकांच्या शेजारी बसलेल्या बाईंनी हात वर केला. मग मागच्या रांगेतल्यांनी केला. मग एकेक करत सबंध गच्चीने. बाबांचाही हात वर होता, आणि आमच्याच घरातले म्हणून त्यांना नियमाने तो करता येत नव्हता, हे बहुतेक त्यांना माहीत होतं. आई त्या हातांकडे बघत राहिली.

"एकच लागतो," ती म्हणाली.

एकाचाही हात खाली आला नाही. मग ती सतरंजीवर बसली, पेनाचं टोपण काढलं, आणि पहिल्या रांगेपासून एकेकाचं नाव लिहायला सुरुवात केली.